फिशटँकच्या काचेवरील शेवाळ
फिशटँकची काच घासल्यानंतर आठवडाभरातच पुन्हा हिरवी होत असेल, तर आधी दिव्याकडे पाहावे. अनेक घरांत तो शोभेसाठी रात्री झोपेपर्यंत चालू असतो. त्याला साधा टायमर जोडून प्रकाश दिवसाला ६ ते ८ तासांपुरता मर्यादित ठेवावा आणि टाकीवर खिडकीतून थेट ऊन पडत असल्यास तिची जागा बदलावी. खाद्य मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच घालावे. दर आठवड्याला प्रथम काच घासून, नंतर सुटलेले शेवाळ व तळातील गाळ नळीने ओढून घेत सुमारे एक चतुर्थांश पाणी बदलावे. नळाच्या नव्या पाण्यातील क्लोरीन आधी काढलेले असावे. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये, कारण त्यातील उपयुक्त जिवाणू क्लोरीनने मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलके पिळावा.