जुन्या पुस्तकाची अक्षरजुळणी कशी ओळखावी

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एखादे जुने मराठी पुस्तक हाती लागले, तर त्याची जुळणी खिळ्यांची (म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरठशांची), फोटोटाइपसेटिंगची की संगणकाची, हे चांगले भिंग आणि तिरपा प्रकाश एवढ्यावर बहुधा ठरवता येते.

प्रथम पानाच्या पाठीमागून बोट फिरवावे. खिळ्यांचा दाब तेथे जाणवतो. भिंगातून अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार आणि शिरोरेषेत दोन खिळ्यांमधली केसाएवढी फट दिसते, आणि एखादा खिळा झिजलेला असल्यास एकाच पानावरील दोन ‘क’ सारखे नसतात.

दाब नसेल, तर फोटोटाइपसेटिंगचा विचार करावा. खिळे आणि संगणक यांच्यामधला हा काळ थोडा असल्याने त्याच्याकडे दुर्लक्ष होते, ही खेदाची गोष्ट आहे. हिगोने आणि मोयरू या फ्रेंच अभियंत्यांच्या यंत्रावर जुळलेले पुस्तक १९५३ साली अमेरिकेत निघाले. त्यात फिरत्या तबकडीवरील अक्षराच्या निगेटिव्हमधून प्रकाशाचा झोत जाऊन अक्षर फोटोच्या फिल्मवर उमटे. अशा यंत्रांत एकच मूळ आकृती भिंगाने लहानमोठी करता येई, आणि खरी खूण त्यातच आहे. खिळ्यांत प्रत्येक मापाचा साचा वेगळा असल्यामुळे तळटिपेचे अक्षर मुद्दाम रुंद व ठसठशीत ठेवता येत असे. येथे ते मथळ्याच्याच अक्षराची लहान प्रत असते, म्हणून रफार आणि वेलांट्या फार बारीक होतात. शिवाय चुकलेली ओळ नव्याने काढून ब्रोमाइडवर (जुळणी उमटवलेल्या फोटोच्या कागदावर) चिकटवली जाई, त्यामुळे मध्येच एखादी ओळ किंचित तिरकी किंवा शेजारच्या ओळींपेक्षा फिकी दिसते.

आता संगणकाची जुळणी. जर्मन अभियंते रुडॉल्फ हेल यांच्या १९६५ च्या डिजिसेट यंत्राने अक्षर ठिपक्यांत साठवले. मराठी जुळणी छोट्या संगणकांवर आणण्यात पुण्याच्याच सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचे जिस्ट हे भारतीय लिप्यांचे तंत्र आणि मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी ही संगणकप्रणाली यांचा मोठा वाटा आहे. इंचाला ३०० ठिपक्यांच्या लेझर प्रिंटवरून छापलेल्या पुस्तकात ‘र’ आणि ‘स’ यांच्या तिरप्या रेघांना भिंगाखाली पायऱ्या दिसतात. पुढे ठिपके अधिक दाट झाल्यावर ही खूण नाहीशी होते, आणि मग पुस्तकात ‘अक्षरजुळणी’ म्हणून कोणाचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

खिळ्यांनी छापलेल्या पानांचे छायाचित्र घेऊन ऑफसेटवर (सपाट पत्र्यावरून रबरामार्फत होणाऱ्या छपाईने) काढलेल्या पुनर्मुद्रणात मात्र तुटक्या शिरोरेषा आणि झिजलेले खिळे तसेच दिसतात, पण कागदावर दाब नसतो. तेथे जुळणी पहिल्या आवृत्तीची आणि छपाई नंतरची समजावी.