मुलाला खासगी शाळेत घालताना: आधी कागद, मग फी

जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुलाला तालुक्याच्या किंवा लातूर-संभाजीनगरच्या खासगी शाळेत घालायचं ठरलं की घरात बोलणं फीवरच होतं. खोळंबा होतो तो कागदांमुळे.

आधी मंडळ कोणतं ते बघा. आपल्याकडे राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, सीबीएसईच्या एप्रिलमध्येच. म्हणजे जुन्या शाळेचा निकाल हातात येईतो नव्या वर्गाचे काही धडे झालेले असतात. त्यामुळे चौकशी जानेवारीतच करावी आणि निकाल आणि टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) नंतर आणून देऊ, हे शाळेकडून लेखी मान्य करून घ्यावं.

टीसी मागताना जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेचं मुलांच्या नोंदींचं मूळ रजिस्टर, समोर ठेवून नोंद वाचा. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ आणि जात हे चार रकाने नीट बघा. नाव आणि जन्मतारीख जन्म दाखल्याशी आणि आधारशी, जन्मस्थळ जन्म दाखल्याशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. ज्ञानेश्वरचं स्पेलिंग एका कागदावर डी-एन-वायने, दुसऱ्यावर जी-वायने सुरू होतं. दहावीच्या फॉर्मपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही. जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं असलं तर तिथंच थांबा. पुढे जात पडताळणीला शाळेचीच नोंद मागतात. चूक जुन्या शाळेतच दुरुस्त करून घ्या. टीसी निघाल्यावर तेच काम शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या फेऱ्यांचं होतं.

कागदी टीसी मिळाला म्हणजे झालं असं नाही. सरकारी ऑनलाइन पटावरचं मुलाचं नावही जुन्या शाळेतून नव्या शाळेत जावं लागतं. ते राहिलं की पोरगं बसतं एका शाळेत आणि पटावर दिसतं दुसऱ्या. पंधरा दिवसांनी नव्या शाळेच्या क्लार्कला आठवण करा.

आता पैसे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाकडून प्रवेशासाठी डोनेशन घेणं किंवा त्याची, आईवडिलांची चाळणी परीक्षा घेणं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 ने बंद केलं आहे. चाळणीला पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड आहे. ‘जरा मुलाशी बोलतो’ म्हणत चाळणी चालतेच, ते वेगळं. फीचा आकडा पालक-शिक्षक कार्यकारी समितीपुढे यावा लागतो, म्हणून मंजूर फीचा तक्ता मागायला संकोच करू नका. बस, पुस्तकं, गणवेश, सहल धरून वर्षाची बेरीज कागदावर घ्या; नुसत्या ट्यूशन फीवर हिशेब केला की दिवाळीनंतर ओढाताण होते. प्रत्येक रकमेची पावती ठेवा.

मराठी माध्यमातून पाचवीत थेट इंग्रजीत टाकण्यापेक्षा सेमी शाळा जवळ असेल तर ती आधी बघावी. तिथं गणित-विज्ञान इंग्रजीत असतं, बाकी मराठीत, त्यामुळे पोराचा एकदम गोंधळ होत नाही. इंग्रजीच हवं असेल तर उन्हाळ्यात बेरीज, वजाबाकी, अपूर्णांक, कोन, परीघ यांचे इंग्रजी शब्द वहीत लिहून घ्या. गणित येत असतं, प्रश्न कळत नसतो. गुण तिथंच जातात.

आणि पहिल्या दिवसाआधी लघवीला जायचं, पाणी प्यायचं, कळलं नाही हे सांगायची तीन इंग्रजी वाक्यं पाठ करून घ्या. एप्रिलच्या उन्हात विचारायला लाजणारं पोर पाणीही पीत नाही. संध्याकाळी डोकं दुखतं आणि घरच्यांना वाटतं, अभ्यासाचं टेन्शन आहे.