या चुका टाळा: इंग्लंडमधील क्लबच्या कार्प स्पर्धेत उतरताना

इंग्लंडमध्ये मासेमारी क्लबांच्या कार्प या गोड्या पाण्यातल्या माशाच्या स्पर्धा बहुधा खासगी तलावांवर होतात. सकाळी सोडत काढून प्रत्येकाला काठावरची क्रमांकाची जागा, म्हणजे पेग, दिला जातो. पुढे पाच-सहा तास, सुरुवातीच्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत, गळाला लागलेले मासे पाण्यात जिवंत ठेवण्याच्या जाळ्यात ज्याचे सर्वाधिक वजन जमते तो जिंकतो आणि सगळे मासे जिवंत पाण्यात परत सोडले जातात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणी अशा क्लबात नव्याने जात असेल, तर त्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी: महागड्या काठीअभावी हरणाऱ्यांपेक्षा खाद्य चुकीच्या रीतीने टाकून हरणारे कितीतरी अधिक असतात.

सर्वांत मोठी चूक पहिल्या तासातच होते. शिट्टी वाजताच अनेक जण मोठी वाटी भरून पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचे कोरडे दाणे, पाण्यात रिकामे करतात, कारण जास्त खाद्य टाकले की जास्त मासे येतील असे त्यांना वाटते. कार्पला जठर नसते; तो थोडे थोडे, पण वारंवार खातो आणि त्याचे पचन पाण्याच्या तापमानावर चालते. उन्हाळ्यात तो ढीगभर खाद्य फस्त करू शकतो, पण थंडीत तेवढेच खाद्य तळाशी पडून राहते आणि त्या पसाऱ्यात आपल्या गळावरचा एकच दाणा त्याला सापडणे अवघड होते. टाकलेले खाद्य परत काढता येत नाही, म्हणून काठीच्या टोकावरच्या छोट्या वाटीतून चार मिलिमीटरचे मोजके पेलेट टाकावेत, मासा लागला की पुन्हा तेवढेच टाकावेत, आणि मासे लागण्याचा वेग वाढल्यावरच प्रमाण वाढवावे. माझ्या मते नवख्या स्पर्धकाने दुसरे काहीही शिकण्याआधी हा संयम शिकावा.

दोऱ्यावरचा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, एकसारखा हलतो, झटका दिला तर मासा क्षणभर ओढतो आणि सुटतो, आणि गळ वर काढल्यावर त्याला एखादा खवला अडकलेला दिसतो. या खुणेकडे दुर्लक्ष करू नये. गळ माशाच्या तोंडात नव्हे, अंगाला लागत आहे, असा त्याचा अर्थ आहे. वरून पडणारे दाणे टिपण्यासाठी मासे तळ सोडून मधल्या पाण्यात आले आहेत आणि त्यांची अंगे दोऱ्याला घासत आहेत. अशा वेळी आणखी खाद्य टाकणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. उन्हाळा असेल तर फ्लोट गळाकडे खाली सरकवून तळापासून वर, मासे आहेत त्या पाण्यातच गळ सोडावा. अन्यथा खाद्य कमी करून मासे पुन्हा तळाशी जाईपर्यंत थांबावे.

अर्थात हे निदान करण्यासाठी मुळात खोली अचूक माहीत हवी. गळाला वजन लावून खोली मोजण्याचे काम घाईत उरकू नये. एकाच पेगसमोर हातभर अंतरावर तळ एकदम खोल जातो, आणि गळ त्या उताराऐवजी सपाट जागी ठेवला तर खाद्य घरंगळून जात नाही. मोजलेली खोली काठीवर पांढऱ्या खुणेने नोंदवावी, म्हणजे दोरा तुटला तरी पुन्हा मोजावे लागत नाही.

कोकणात खाडीवर गरवलेल्यांना हाताने जोरात हिसडा देऊन मासा वर ओढण्याची सवय असते. लांब कार्बन काठीला, म्हणजे पोलला, आतून इलॅस्टिक असते; तिथे हलका उचल पुरतो आणि माशाची पहिली धाव इलॅस्टिकला झेलू द्यावी लागते. घाईने ओढले की गळ निसटतो, विशेषतः बहुतेक तलावांवर बिनकाट्याचेच, म्हणजे टोकामागे उलटा काटा नसलेलेच, गळ सक्तीचे असल्यामुळे.

काठालगतचे उथळ पाणी शेवटच्या दीड तासात मोठे मासे देते, पण तिथे सकाळपासून गळ घालून बसल्यास हाती लहान मासेच लागतात आणि काठावरच्या हालचालीने मोठे मासे बुजतात. तोपर्यंत ती बाजू शांत ठेवावी.

परवान्याबाबत हयगय नको: 13 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा मासेमारी परवाना हवाच. कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांपासून 30 मीटरच्या आत गळ टाकू नये. तारांजवळचा पेग सोडतीत मिळाला असला तरी बदलून मागावा.

सर्वाधिक हळहळ होते ती जाळ्यामुळे वजन गमावल्यावर. अनेक तलावांवर एका जाळ्यात, उदाहरणार्थ, 50 पौंडांची मर्यादा असते आणि त्यापलीकडचे वजन धरले जात नाही. दाटीने माशांचे खवले झडतात, त्यांना प्राणवायू कमी पडतो. मर्यादा त्यांच्या जिवासाठी आहे आणि ती मनापासून पाळावी. प्रत्येक माशाचे वजन अंदाजे धरून हातातल्या गणकयंत्रावर लगेच टिपावे, अंदाज थोडा चढाच ठेवावा आणि मर्यादेच्या बरेच आधी दुसरे जाळे वापरायला घ्यावे. जाळे गाठी नसलेल्या विणीचे आणि किमान 2 मीटर लांब असावे, शिवाय रोग पसरू नयेत म्हणून ते पूर्ण वाळवून आणावे. काही तलाव स्वतःचीच जाळी देतात. शिट्टीनंतर आवराआवर जरूर करावी, पण वजनकाटा घेऊन येणारी मंडळी आपल्या पेगवर पोहोचेपर्यंत जाळे पाण्यातच राहू द्यावे.