मन वाचणाऱ्यांच्या भयपटाचा दुसरा भाग थोड्या पैशांत कसा करावा : सांगली-मिरजेकडच्या मंडळींसाठी

मोबाइलवर भीतीदायक शॉर्टफिल्म करून झाली, ती गावात आणि पाहुण्यारावळ्यांत फिरली आणि आता जो भेटेल तो विचारतोय, "पुढचा भाग कधी?" अशा ग्रुपसाठी हा लेख आहे. विषय भुताचा नाही, शक्तीचा आहे. दुसऱ्याचं मन वाचणारा, नजरेनं वस्तू सरकवणारा, पुढचं आधी कळणारा माणूस. थोड्या पैशांत करायला भयपटाचा हा प्रकार मला सगळ्यांत सोयीचा वाटतो. इथं भीती माणसाच्या डोक्यात असते, त्यासाठी मुखवटा लागत नाही की वाडा लागत नाही. तरी दुसऱ्या भागात बहुतेक जण घसरतात. पहिल्या भागात पेला हलला होता, म्हणून दुसऱ्यात ट्रॅक्टर उडवायचं ठरतं आणि पैसे तिथंच संपतात.

दुसऱ्या भागात शक्ती वाढवू नका, तिची किंमत वाढवा. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

पहिली पायरी : आधीचे दुसरे भाग बघा

डेव्हिड क्रोननबर्ग यांचा 'स्कॅनर्स' हा मन वाचणाऱ्या आणि नुसत्या मनानं दुसऱ्याला इजा करणाऱ्या माणसांवरचा १९८१ चा कॅनडातला चित्रपट. त्यातला डोकं फुटण्याचा प्रसंग जगभर गाजला. त्यासाठी एक नकली डोकं बनवलं, त्यात सशांची कलेजी आणि कुत्र्याचं खाणं भरलं आणि मागून बंदुकीनं उडवलं. पण तो प्रसंग बघताना फुटण्याच्या आधीचा वेळ बघा. टेबलाशी बसलेली दोन माणसं, दोघांचे चेहरे, एकाची मान आखडत जाते. भीती तिथं तयार होते आणि तो भाग फुकटात होतो.

याचे पुढचे भाग क्रोननबर्ग यांच्याशिवाय निघाले. दुसरा १९९१ मध्ये, पाठोपाठ तिसरा, दोन्हींचे दिग्दर्शक क्रिश्चन डुग्वे. मग १९९४ आणि १९९५ मध्ये 'स्कॅनर कॉप'चे दोन भाग. जुने नट नसताना त्यांनी काय केलं ते शिकण्यासारखं आहे. दुसऱ्या भागाचा नायक हा पहिल्या भागातल्या जोडीचा मुलगा निघतो. म्हणजे एका नात्याचा धागा ठेवला आणि बाकी सगळं नवं घेतलं. शक्ती तीच ठेवून आखाडा बदलला : एकदा ती महत्त्वाकांक्षी पोलीस अधिकाऱ्याच्या हाती लागली, एकदा टीव्हीपर्यंत पोचली, एकदा शक्तीवालाच पोलीस झाला. हे भाग मूळ चित्रपटाच्या उंचीचे नाहीत, पण मांडणी कशी करावी हे त्यांतून नक्की कळतं.

थोड्या माणसांत भयपट कसा होतो, याचं आपल्याकडचं उदाहरण तर शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. रामसे बंधूंनी 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा १९७२ चा चित्रपट महाबळेश्वरला मुक्काम ठोकून केला. सात भावांनी दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, संकलन अशी कामं आपसांत वाटून घेतली. तुमच्या ग्रुपमध्येही ही वाटणी आजच करा. आवाजाचं काम एकाच माणसाकडे द्या आणि त्याला त्या दिवशी दुसरं काहीही सांगू नका.

दुसरी पायरी : हक्काचा कागद

पहिला भाग चौघांनी मिळून लिहिला असेल तर पात्रं चौघांची आहेत. ग्रुप फुटला असेल तरी फोन करा, भेटा आणि दुसऱ्या भागाला हरकत नाही असं लिहून सही घ्या. मैत्रीत कागद कशाला, असं म्हणू नका. कागद असला की मैत्री टिकते.

तिसरी पायरी : शक्तीचा नियम आणि त्याची किंमत

एका वाक्यात नियम लिहा. मग त्याखाली लिहा, "पण त्यासाठी ____ जातं." ही रिकामी जागा भरली की दुसरा भाग निम्मा झाला. नाकातून रक्त येणं ही किंमत आता इतक्या ठिकाणी बघून झालीय की तिची भीती उरलेली नाही. जे जातं ते त्या माणसाचं स्वतःचं असू द्या.

एक उदाहरण मांडतो, ते शेवटपर्यंत वापरू.

जनावरांच्या बाजारात जुन्या पद्धतीचा सौदा टॉवेलाखाली होतो. दलाल आणि शेतकरी टॉवेलाखाली हातात हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तो ज्यानं बघितलाय त्याच्या डोळ्यांसमोर हे लगेच येईल. समजा पहिल्या भागाचा नायक तात्या, बैलांचा दलाल. हात धरला की समोरच्याच्या मनातला शेवटचा आकडा त्याला कळतो. पहिला भाग एवढ्यावर उभा राहतो.

दुसऱ्या भागात तात्या नाही. त्याची मुलगी नंदा सांगलीत बांगड्यांच्या दुकानात कामाला आहे. तिचा दिवसच दुसऱ्यांचे हात धरण्यात जातो. तिलाही कळतं, पण तिला भलतंच कळायला लागतं : अनोळखी बायकांच्या हातांत तिला स्वतःचं लहानपण सापडतं. म्हणजे तात्या मन वाचायचा तेव्हा त्याच्या मनातलंही काहीतरी समोरच्याकडे जायचं. तात्यानं आयुष्यभर थोडं थोडं करून आपल्या आठवणी शेतकऱ्यांच्या हातांत सोडल्या, आणि आता त्या त्यांच्या लेकी-सुनांच्या हातांतून परत येतायत. त्यांत नंदाच्या आईच्या मृत्यूची आठवण आहे, जी तात्यानं घरात कधीच सांगितली नाही. ती पूर्ण बघायची तर नंदाला तिच्याकडची आईची आठवण द्यावी लागणार.

बघा, शक्ती जराही वाढलेली नाही. ट्रॅक्टर उडाला नाही. तरी पहिला भाग आता वेगळा दिसतो, आणि चांगला दुसरा भाग नेमकं हेच करतो.

आखाडे आपल्याकडे भरपूर आहेत. तालमीत समोरच्याचा डाव आधीच कळणारा पैलवान, कारखान्याच्या निवडणुकीत कोण कुणाला मत देणार हे कळणारा शिपाई, बेदाण्याच्या सौद्यात बसलेली मुनीम बाई. तुम्हाला आतून माहीत असलेला आखाडा घ्या.

चौथी पायरी : जागा

हरिपूरची हळदीची पेवं अशा गोष्टीसाठी सोन्यासारखी आहेत. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ जमिनीत खोल खणलेले हे खड्डे, तोंडाशी अरुंद आणि आत पोट मोठं. हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुरात यांतली बरीच पेवं पाण्याखाली गेली. नंदाच्या आईचा मृत्यू अशाच पेवात झाला, असं आपण धरू.

मात्र एक गोष्ट गाठ मारून ठेवा : पेवात कुणीही उतरायचं नाही. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, म्हणून जाणकार माणसं तोंड उघडून बराच वेळ थांबतात आणि आत कंदील सोडून बघितल्याशिवाय उतरत नाहीत. शूटिंगच्या घाईत हे कुणी पाळत नाही, आणि वापरात नसलेल्या पेवाचं तर काहीच सांगता येत नाही. आपल्याला आत जायची गरजही नाही.

मालकाची परवानगी घेऊन पेवाच्या तोंडाचा एकच शॉट वरून घ्या, मोबाइल स्टँडवर, माणसं मागे. आतला सगळा भाग घरात होतो. गोठ्याची किंवा जुन्या खोलीची मातीनं लिंपलेली भिंत बघा. दारं-खिडक्या घोंगड्यांनी बंद करा. जाड पुठ्ठ्याला परातीएवढं गोल भोक पाडा, तो उंचावर आडवा बांधा आणि त्याच्या वर एकच दिवा लावा. खाली जमिनीवर उजेडाचा गोल पडतो. नटीला त्या गोलाच्या कडेला बसवा, चेहरा अर्धा बाहेर. हवेत चिमूटभर टाल्कम पावडर उडवली की उजेडाचा झोत दिसतो. हळद उडवू नका, डोळ्यांत जाते. आता पुठ्ठा हळूहळू सरकवा. गोल लहान होत जातो आणि बघणाऱ्याला वाटतं, कुणीतरी वरून झाकण लावतंय.

बाजाराच्या प्रसंगात बैलांकडून काम करून घेऊ नका. चित्रपटात जनावर वापरायला प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी लागते. रिकामी दावण, खुंटीवरचा कासरा आणि आवाजात घुंगुरमाळ एवढं पुरतं.

पाचवी पायरी : शक्ती दाखवायची कशी

नटाला कपाळाला बोटं लावून डोळे वटारू देऊ नका. मन वाचणारा स्थिर राहतो आणि ज्याचं मन वाचलं जातंय तो बदलतो, असं बसवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून या गावात नटांना तोटा नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली चांगली माणसं विचारल्यावर आनंदानं येतात. फक्त त्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय असते. मोबाइल दोन फुटांवर आहे हे त्यांना दाखवा, शॉट घेऊन लगेच बघायला द्या, म्हणजे ते आपोआप आवरतात.

आपल्या उदाहरणातला मुख्य प्रसंग असा घ्या. कॅमेरा फक्त हातांवर. नंदा नव्या नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या भरतेय. पंजा दाबून लहान केलाय, अंगठा आत दुमडलाय, बांगडी सांध्याशी येऊन अडते. इथं थांबा. नंदाचा अंगठा त्या हातावर फिरायचा थांबतो. नवरीची बोटं आपणहून आकडा दाबायला लागतात, टॉवेलाखाली तात्या दाबायचा तसा. मग बांगडी फुटते. नवरीच्या भूमिकेतल्या मुलीला आधी नीट सांगा, आणि फुटणारी बांगडी तिच्या हातात असताना फोडू नका. काच फुटल्याचा आवाज वेगळा घ्या आणि तुकडे नंतरच्या शॉटमध्ये पाटावर दाखवा.

वस्तू हलवायचीच असेल तर दोन उपाय आहेत. वस्तूला तंगूस बांधून ओढा, मागे गडद कापड ठेवा, आणि तंगुसावर दिव्याचा उजेड थेट पडू देऊ नका. किंवा वस्तू हातातून ढकलून शॉट घ्या आणि संकलनात उलटा चालवा, ती हातात येताना दिसेल.

मोबाइल मॅन्युअल मोडवर ठेवा, सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, शटर चुकलं की एलईडी दिव्याखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतात. फोकस आणि उजेड लॉक करा.

रक्त थोडंच वापरा. काकवीत खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको मिसळला की दाट, काळपट रक्त होतं. चेहऱ्याला लावायला चालतं, मात्र गोडाला मुंग्या लागतात, म्हणून शॉट झाला की लगेच धुवा. कपड्यांवरचा डाग जात नाही, सदरा दुसरा ठेवा.

सहावी पायरी : आवाज

पैसे उरले असतील तर सगळे इथं घाला. चित्र जरा खराब असलं तरी चालून जातं, पण संवाद कळला नाही की प्रेक्षक उठतो. कॉलरचा माइक घ्या, आणि प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संकलनात दोन संवादांमधल्या फटी ती भरते.

शक्तीच्या आवाजासाठी इंटरनेटवरचे गडगडाट उतरवून घेऊ नका. मिरजेत तंबोरे करणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. एखाद्या कारागिराला रीतसर विचारा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि एक गोष्ट करून मागा : तार छेडत राहायचं आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली घातलेला सुती दोरा हळूहळू सरकवायचा. दोरा जागेवर आला की जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणक, खुलते. सूर तोच, पण त्यातून दुसरे सूर उठायला लागतात, जणू एका आवाजात अनेक माणसं बोलतायत. दोरा पुढे गेला की आवाज दबलेला, कोरडा होतो. नंदा हात धरते तेव्हा जवारी खुलत जाऊ द्या, आठवण गेली की आवाज कोरडा. हाच आवाज थोडा संथ करून पेवाच्या प्रसंगात वापरा. दुसऱ्याच्या संगीताच्या हक्कांची कटकट नाही, आणि असा आवाज दुसऱ्या कुणाच्या फिल्ममध्ये नसेल.

सातवी पायरी : काय करायचं नाही

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. मन वाचण्याचा दावा करून लोकांना लुबाडणारे अजून आहेत, हे भान या भागात भयपट करणाऱ्यानं ठेवलंच पाहिजे. कल्पना म्हणून शक्ती जरूर दाखवा, पण "सत्य घटनेवर आधारित" अशी पाटी लावू नका. खऱ्या देवस्थानाचं नाव, खऱ्या जमातीचा विधी किंवा कुणा महाराजाचा फोटो शक्तीचं मूळ म्हणून वापरू नका. आपल्या गोष्टीत खरसुंडीचा बाजार दाखवायचा, देऊळ नाही. मानसिक आजार असलेल्या माणसाला बाधा झालीय, असंही दाखवू नका. त्यामुळे कुणाच्या तरी घरात डॉक्टरांऐवजी मांत्रिक बोलावला जातो.

आठवी पायरी : कापणं आणि दाखवणं

पहिला भाग न बघितलेल्यांसाठी सुरुवातीला पाच ओळींची पाटी नको. टॉवेलाखालचे दोन हात एकदा दाखवा, तेवढ्यात सगळं कळतं. लांबी १५ मिनिटांच्या आत ठेवा. कच्चं संकलन पहिला भाग न बघितलेल्या कुणाला तरी दाखवा, तो कुठं मोबाइलकडे बघतो ते टिपून घ्या आणि तिथं कापा.

इंटरनेटवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरात जाहीर खेळ लावायचा तर लागतं. शेवटच्या नावांत पेवाच्या मालकाचं, तंबोरा वाजवून देणाऱ्या कारागिराचं आणि बांगड्यांचं दुकान दिवसभर वापरू देणाऱ्या मावशींचं नाव, त्यांना विचारून, शुद्धलेखन तपासून घाला. फायलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा, त्यातलं एक घर पुराच्या रेषेच्या वरचं असू द्या.