हृदयाच्या धमनीतला थर आयव्हसने मोजताना या चुका टाळा

‘टू-डी इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही.’ हा पहिला गैरसमज. इको छातीवरून होतो; त्यात हृदयाचे स्नायू आणि झडपा दिसतात, धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीयुक्त थर (प्लाक) दिसत नाही. तो पाहायचा तर अँजिओग्राफीच्याच वाटेने, टोकाला सोनोग्राफीचा इवलासा प्रोब असलेला कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, थेट धमनीत न्यावा लागतो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, याला आयव्हस (IVUS, इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड) म्हणतात.

दुसरी चूक टक्क्यांची. अँजिओग्राफीतला ‘५० टक्के’ म्हणजे शेजारच्या बऱ्या भागाच्या मानाने रक्ताची वाट किती अरुंद झाली ते. आयव्हसचे टक्के सांगतात की, त्या जागी धमनीच्या बाहेरच्या कडेच्या आत जेवढी जागा आहे, त्यातली किती थराने व्यापली. पॅथॉलॉजिस्ट सिमोर ग्लॅगोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवलं की थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या अंगाने रुंदावते. साधारण ४० टक्के जागा भरेपर्यंत आतली वाट टिकून राहते. म्हणून अँजिओग्राफी ‘स्वच्छ’ आणि आयव्हसवर ३५ टक्के, हे दोन्ही रिपोर्ट खरे असू शकतात. शिवाय भिंतीचा मधला पदर वेगळा मोजता येत नाही, तोही थरातच धरला जातो. निरोगी धमनीतही आकडा शून्य येत नाही तो यामुळे.

थरात कॅल्शियम असेल तर जास्त सावध राहा. त्यावर आदळून ध्वनी परत फिरतो आणि मागे काळी सावली पडते. बाहेरची कडच दिसेनाशी होते. सावली परिघाच्या ९० अंशांहून कमी असेल तर आजूबाजूच्या कडेवरून रेघ जोडून घेता येते. त्याहून मोठी असेल तर त्या चित्रावरून थराचं क्षेत्रफळ काढूच नये. कॅल्शियम किती जाड आहे, हेही आयव्हस सांगू शकत नाही.

खरी गफलत होते ती ‘औषधाने थर घटला का?’ या प्रश्नावर. २००६ च्या ‘ॲस्टेरॉइड’ अभ्यासात रोज ४० मिलिग्रॅम रोसुव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) घेणाऱ्यांमध्ये २४ महिन्यांनी थराचं प्रमाण सरासरी ०.९८ टक्के गुणांनी घटलं. पण प्रमाण विचलन, म्हणजे रुग्णारुग्णांतले आकडे सरासरीभोवती किती विखुरले याचं माप, होतं ३.१५! शेकडो रुग्णांच्या सरासरीत एक टक्का अर्थपूर्ण ठरतो. एकट्या माणसाच्या दोन रिपोर्टांत एका टक्क्याचा फरक दिसला, तर पेढे वाटू नयेत आणि घाबरूनही जाऊ नये. निव्वळ एवढ्यासाठी पुन्हा कॅथेटर घालणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या कारणाने तपासणी होणारच असेल, तर तुलना त्याच तुकड्याची व्हावी. फांद्या फुटतात त्या जागा खुणेला धराव्यात. दोन्ही वेळा आधी धमनी सैल करणारं नायट्रोग्लिसरीन द्यावं, नाहीतर आकुंचन पावलेली धमनीच लहान मोजली जाते. कॅथेटर हाताने नव्हे, मोटरने एकाच वेगाने मागे ओढावा; ०.५ मिलिमीटर प्रति सेकंद हा वेग रूढ आहे. तरीही प्रत्येक ठोक्याला तो पुढे-मागे सरकतोच. कॅथेटर तिरका बसला की गोल धमनी लंबवर्तुळाकार दिसते. फिरता प्रोब वळणावर अडखळला की चित्र एका बाजूला ताणलं जातं. म्हणून रिपोर्टसोबत छापलेल्या दोन-चार चित्रांवर भागवू नका, संपूर्ण रेकॉर्डिंग मागून घ्या.