फ्यूज बॉक्स बदललात? टेस्टचा कागद वाचून घ्या

इंग्लंडमध्ये घर घेतलंय आणि जुना फ्यूज बॉक्स काढून नवं कन्झ्युमर युनिट बसवताय? मग दिवे लागले म्हणजे काम झालं, असं धरू नका. बिल्डिंग रेग्युलेशन्सच्या पार्ट पीनुसार (घरातल्या विजेच्या कामाचे नियम) हे काम स्थानिक कौन्सिलला कळवावंच लागतं. इलेक्ट्रिशियन एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या इलेक्ट्रिशियनांची नोंदणी करणाऱ्या संस्थांकडे नोंदलेला असेल तर ते तोच करतो, म्हणून नोंदणी आधीच तपासा.

काम झाल्यावर इलेक्ट्रिकल इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट मागा. 'मायनर वर्क्स'चा, म्हणजे किरकोळ कामांचा कागद इथे चालत नाही. सोबतचा टेस्टचा तक्ता नीट बघा: प्रत्येक सर्किटसमोर आकडे हवेत. इन्सुलेशन रेझिस्टन्स (वायरच्या आवरणातून वीज गळत नाही ना, याचं माप) किमान 1 मेगाओहम (धड वायरिंगचा यापेक्षा कितीतरी जास्त येतो), 30 मिलिअँपिअरची आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) 300 मिलिसेकंदांत ट्रिप व्हायला हवी. रकाने कोरे असतील, किंवा सगळ्या सर्किटांना अर्थ लूपचा (बिघाडात वीज अर्थिंगमधून परत जाते त्या वाटेच्या रोधाचा) एकच आकडा लिहिला असेल, तर मोजलं होतं का, हे स्पष्ट विचारा. यात भीड बाळगू नका, घरातल्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

बिल्डिंग रेग्युलेशन्सचं कम्प्लायन्स सर्टिफिकेट वेगळं येतं. तेही जपून ठेवा. घर विकताना समोरचा सॉलिसिटर मागतो. आणि आरसीडीचं टेस्ट बटण दर सहा महिन्यांनी दाबून बघा.