भरतकामाचा दोरा: रंगाआधी कापड बघा

दुकानात रंग आवडला म्हणून दोरा उचलला जातो आणि घरी आल्यावर कळतं, तो त्या कापडासाठी नव्हताच. नाशिकच्या मेन रोड किंवा रविवार कारंज्याच्या बाजूला दोरा घ्यायला निघालात की कापडाचा तुकडा पर्समध्ये असू द्या. कापड किती जाड आहे, ते किती वेळा धुतलं जाणार आणि चकाकी हवी का, हे आधी ठरवा. रंग शेवटी, आणि तोही दुकानाबाहेर उजेडात. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि गडद हिरवा यांत हमखास फसायला होतं.

घरात एकच दोरा ठेवायचा असेल तर सहा पदरी सुती लडी ठेवा. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांची लडी 8 मीटरची असते. तिचे पदर सुटे करता येतात, हा तिचा खरा फायदा. मलमल, व्हॉइलवर एक पदर. रोजच्या कॉटन कुर्त्यावर उलटी टीप आणि भरीव टाक्याला दोन. साखळी टाक्याला तीन. खादीसारख्या जाड कापडावर ठसठशीत रेघ हवी असेल तर चार ते सहा. पानं-पाकळ्या सहा पदरांनी भरू नका. काम लवकर उरकतं, पण कडा ओबडधोबड येतात आणि टाका कापडावर फुगून बसतो.

दोरा हातभर, म्हणजे साधारण 45 सेंटीमीटर कापा. जास्त लांब घेतला तर तो कापडातून पुन्हा पुन्हा ओढला जाऊन पिंजतो आणि शेवटचे टाके निस्तेज दिसतात. पदर सोडवताना एका हाताने दोऱ्याचं टोक चिमटीत धरा आणि एकच पदर सरळ वर ओढा. बाकीचे खाली गोळा होतात, मग आपोआप मोकळे होतात. दोन पदर एकदम ओढले की हमखास गुंता. दोन हवे असले तरी एकेक काढून मग शेजारी शेजारी जुळवा. पीळ निघून जातो आणि टाका सपाट, भरदार बसतो. दोन पदरांनी काम केलं तर एका लडीतून 50 सुया (एकदा ओवलेला दोरा म्हणजे एक सुई) सहज भरतात. त्यावरून अंदाज बांधा: एक फूल भरायला किती सुया लागल्या ते मोजा आणि फुलांच्या संख्येने गुणा. लागणाऱ्या सगळ्या लड्या एकदमच घ्या, कारण नंबर तोच असला तरी रंगाईची खेप बदलली की छटा बदलू शकते.

सुईचा नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. एक-दोन पदरांना 9, तीनला 7, सहाला 3 किंवा 4 नंबर घ्या. नेढं लहान पडलं की दोरा घासून तुटतो. सुई जाड झाली की तलम कापडावर भोकं दिसतात.

पर्ल कॉटन पिळाचा असतो, त्याचे पदर सुटे करायचे नसतात. इथेही आकडा मोठा तो दोरा बारीक: 5 जाड, 8 मध्यम, 12 बारीक. गाठीचा टाका, साखळी, काजटाका यांना तो उठाव देतो. भरीव टाक्यात मात्र पीळ दिसत राहतो, तिथे सहा पदरीच बरा.

रेयॉनला सुंदर चमक असते, पण तो घसरतो, वळतो आणि गाठ सुटते. 30 सेंटीमीटरच कापा, ओलसर स्पंजवरून एकदा ओढून वाळू द्या, आणि शेवटी गाठीऐवजी मागच्या बाजूला दोन-तीन बारीक टाके घाला. ओला रेयॉन कमजोर होतो, म्हणून असा कपडा पिळायचा नाही.

येवल्याच्या पैठणीवरच्या ब्लाउजला जर, म्हणजे जरीचा दोरा, लावायची असेल तर ती कापडातून आरपार ओवत बसू नका. वरचं आवरण सोलून आतला धागा उघडा पडतो. जर कापडावर ठेवा आणि त्याच रंगाच्या एका पदराने दर 3-4 मिलिमीटरवर आडवा टाका घालून टाचा. दोन्ही टोकं 2 सेंटीमीटर सोडा, जाड सुईने मागे घ्या आणि तिथेच शिवा. वळणावर टाके जवळ घ्या, नाहीतर जर उचलली जाते. अत्तर थेट जरीवर मारू नका, काळी पडते.

मशीनसाठी 40 वजनाचा (रिळावर 40 wt लिहिलेला) दोरा आणि 75/11 सुई नेहमीच्या कामाला पुरते. शाळेचे गणवेश, टॉवेल, वरचेवर धुतले जाणारे कपडे यांना पॉलिस्टर. चमकदार सजावटीला रेयॉन. जरीचा दोरा तुटत असेल तर 90/14 सुई लावा, वेग कमी करा, ताण थोडा सैल करा.

लाल, काळा, गडद निळा यांची रंगपरीक्षा काम सुरू करण्याआधीच घ्या. वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबा आणि वरून गरम इस्त्री ठेवा. डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरायचा नाही. झालेल्या कामाचा रंग धुताना सुटलाच तर वाळू देऊ नका. पाणी स्वच्छ येईपर्यंत थंड पाण्यात खळबळत राहा. वाळल्यावर जाड टॉवेलवर उलटं पसरून मागून इस्त्री करा, म्हणजे गाठी चेपत नाहीत.